मोक्षाची वेळ : पाँडिचेरी, 4 जून 1769

3 जून, शनिवार. सूर्यास्त. मोक्षाला साडेबारा तास.

आकाश स्वच्छ आहे. मे महिनाभर पाँडिचेरीच्या सकाळी अशाच लख्ख उजाडल्या आहेत आणि आजही पश्चिमेला ढगाचा ठिपका नाही. इंग्रजांनी आठ वर्षांपूर्वी पाडून टाकलेल्या किल्ल्याच्या अवशेषांवर एक छोटी वेधशाळा उभी आहे. तिच्या तळघरात तोफेच्या दारूचा साठा. वर लंबकाचं घड्याळ, कोन मोजायचं चतुर्थांश यंत्र आणि दुर्बिणी. त्यातली सगळ्यांत चांगली दुर्बीण मद्रासच्या इंग्रजांनी पाठवलेली आहे. तीन फुटी, रंगदोष काढून टाकलेल्या भिंगांची. कालपरवापर्यंत ज्यांच्याशी लढाई होती त्यांनीच ती आपण होऊन दिली, कारण उद्याचा वेध कुणा एका राजाचा नाही हे दोन्हीकडच्या शहाण्या माणसांना ठाऊक आहे.

या सगळ्यामागचा माणूस गियोम ल जाँती. वय 43, पॅरिसच्या विज्ञान अकादमीचा सदस्य. देवयानी दीर्घिकेच्या शेजारची एम32 ही छोटी दीर्घिका वीस वर्षांपूर्वी त्यानेच प्रथम पाहिलेली. 26 मार्च 1760 रोजी त्याने फ्रान्सचा किनारा सोडला, तो अजून घरी गेलेला नाही.

उद्या पहाटे सूर्य उगवेल तेव्हा त्याच्या बिंबावर शुक्राचा काळा ठिपका आधीच असेल. शुक्राच्या सूर्यबिंबावरून होणाऱ्या या अधिक्रमणाचा स्पर्श, म्हणजे सुरुवात, मध्यरात्रीनंतर होणार. त्या वेळी पाँडिचेरीचा सूर्य क्षितिजाखाली असेल, म्हणून इथून तो दिसणार नाही. इथून दिसेल तो शेवटचा सव्वा तास, आणि त्यातही खऱ्या मोलाचे दोनच क्षण. ठिपका सूर्याच्या कडेला आतून टेकतो तो एक, आणि कड सोडून पूर्ण बाहेर पडतो तो दुसरा. पंचांगवाले ग्रहणाच्या शेवटाला मोक्ष म्हणतात, तोच हा. हे दोन क्षण सेकंदासकट टिपायचे, एवढंच काम. नऊ वर्षं त्यासाठी गेली आहेत.

रात्रीचा पहिला प्रहर.

गव्हर्नर जाँ लॉ वेधशाळेत आले आहेत. हवा इतकी छान आहे की दोघं मिळून गुरूच्या पहिल्या उपग्रहाचा वेध घेतात. उपग्रह गुरूच्या सावलीतून बाहेर येतो आणि ल जाँती घड्याळाकडे पाहून वेळ लिहून घेतो. ही करमणूक नव्हती. अशाच वेधांवरून पाँडिचेरीचे रेखांश त्याने वर्षभर पक्के करत आणले होते. आपण पृथ्वीच्या नेमक्या कुठल्या बिंदूवर उभे आहोत हे ठाऊक नसेल, तर उद्याच्या सेकंदांना काडीची किंमत नाही.

ती किंमत कसली, ते इथे सांगून टाकतो. अंगठा डोळ्यांसमोर धरून एकदा डावा, एकदा उजवा डोळा मिटला की अंगठा मागच्या भिंतीवर सरकल्यासारखा दिसतो. भिंतीच्या जागी सूर्य, अंगठ्याच्या जागी शुक्र आणि दोन डोळ्यांच्या जागी पृथ्वीवरची दोन लांबची गावं ठेवा. दोन्ही गावांतून शुक्राची वाट किंचित वेगळी दिसते, वेळाही वेगळ्या येतात. त्या फरकातून सूर्य किती लांब आहे हे काढता येतं. केप्लरच्या नियमांनी ग्रहांच्या अंतरांची प्रमाणं माहीत झाली होती, म्हणजे सूर्यमालेचा नकाशा तयार होता, पण त्यावर मोजपट्टी नव्हती. ती या अधिक्रमणातून मिळेल असं एडमंड हॅलीने 1716 साली मांडलं. शुक्राची अधिक्रमणं जोडीने येतात, आठ वर्षांच्या अंतराने, आणि मग शंभराहून जास्त वर्षं एकही नाही. 1761 आणि 1769 ही जोडी. पुढचं थेट 1874 साली. उद्याची सकाळ हुकली तर आज जिवंत असलेल्या कुणालाही दुसरी मिळणार नाही.

रात्री दहाच्या सुमारास. मोक्षाला नऊ तास.

त्याला आता झोप लागली पाहिजे. त्याच्यामागे काय काय आहे ते माहीत असेल तर ही झोप किती अवघड होती हे कळतं.

पहिल्या अधिक्रमणासाठी तो पाँडिचेरीलाच निघाला होता. जुलै 1760 मध्ये मॉरिशसला पोचला तर पुढे इंग्रज-फ्रेंच युद्ध. जहाज मिळेना. मिळालं ते मार्च 1761 मध्ये, आणि वाऱ्याने ते भलतीकडेच भरकटवलं. मे महिन्याच्या अखेरीस मलबार किनाऱ्यावर माहेजवळ बातमी कळली की पाँडिचेरी जानेवारीतच पडली. तो जानेवारी मराठी माणसाला वेगळ्या कारणाने पाठ आहे. पानिपतावर 14 तारखेला आपलं सैन्य कापलं गेलं, आणि तिकडे दक्षिणेत त्यानंतर दोनच दिवसांनी फ्रेंचांनी पाँडिचेरी इंग्रजांच्या ताब्यात दिली. हिंदुस्थानात पुढे कुणाचं चालणार हे बऱ्याच अंशी त्याच आठवड्यात ठरलं असं मला वाटतं. त्याच आठवड्याने एका ज्योतिर्विदाचं गावही नकाशावरून काढून घेतलं.

जहाज मागे वळलं. 6 जून 1761 ला आकाश मोकळं होतं, आणि ल जाँती भर समुद्रात, डुलणाऱ्या डेकवर. शुक्र सूर्यावरून जाताना त्याने डोळ्यांनी पाहिला, वेळाही टिपल्या. पण जहाजावर लंबकाचं घड्याळ चालत नाही आणि जहाज नेमकं कुठे होतं हेही कुणाला सांगता येत नव्हतं. त्या नोंदींचा उपयोग शून्य.

यावर कुणीही घर गाठलं असतं. ल जाँती आठ वर्षं थांबला. मादागास्करच्या किनाऱ्याचे नकाशे काढले, वारे, भरती-ओहोटी, वनस्पती यांच्या नोंदी ठेवल्या. दुसऱ्या अधिक्रमणाला उत्तम ठिकाण मनिला, असं त्याचं गणित सांगत होतं. 1766 मध्ये तो तिथे पोचलाही. पण तिथल्या स्पॅनिश गव्हर्नरला त्याच्या कागदपत्रांचा संशय आला आणि पॅरिसहून अकादमीचं मत आलं की पाँडिचेरी बरी. युद्ध संपवणाऱ्या तहानंतर ती फ्रेंचांना परत मिळालीच होती. 27 मार्च 1768 रोजी तो पाँडिचेरीला उतरला. निघण्यापूर्वी मनिलातल्या एका धर्मगुरूला त्याने वेध कसा घ्यायचा हे नीट समजावून ठेवलं होतं.

इथे त्याने जे केलं त्यामुळे मला तो फार जवळचा वाटतो. अधिक्रमणाला वर्षाहून जास्त अवकाश होता. तो एका तमिळ ज्योतिषाकडे ग्रहणगणित शिकायला बसला. कवड्या मांडायच्या, कोष्टकं तोंडपाठ म्हणायची आणि कागदाला हात न लावता ग्रहणाच्या वेळा काढायच्या. ल जाँतीने परीक्षा म्हणून 30 ऑगस्ट 1765 चं चंद्रग्रहण मांडायला दिलं. तमिळ गणिताने काढलेला ग्रहणाचा अवधी प्रत्यक्षाहून मिनिटभरानेसुद्धा चुकला नाही. युरोपातली तेव्हाची उत्तम कोष्टकं त्याहून जास्त चुकत होती. हे त्याने दडवलं नाही, लिहून ठेवलं.

मध्यरात्र उलटून साधारण अर्धा तास. स्पर्श. मोक्षाला साडेसहा तास.

पाँडिचेरी झोपली आहे. रात्र अमावास्येची, चंद्र नाही. पायाखालच्या पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला शुक्र सूर्याच्या कडेला टेकतो.

ताहितीत सकाळचे सव्वानऊ वाजून गेले आहेत. कॅप्टन जेम्स कुक, चार्ल्स ग्रीन आणि डॅनियल सोलँडर दुर्बिणींना डोळा लावून आहेत. दिवसभर आकाशात ढग नाही. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला सान होसेमध्ये जवळजवळ मध्यान्ह आहे. शाप दोतरोश हा फ्रेंच धर्मगुरू-ज्योतिर्विद तिथे बसला आहे. गावात साथ आहे, माणसं मरत आहेत, आणि वेध होईपर्यंत गाव सोडायला तो तयार नाही. हडसनच्या उपसागरावर विल्यम वेल्स आणि जोसेफ डायमंड एक अख्खा ध्रुवीय हिवाळा काढून या दुपारची वाट पाहत होते. नॉर्वेच्या ईशान्य टोकाला वार्दो बेटावर मॅक्सिमिलियन हेल. तिथे रात्रीचे नऊ वाजून गेले तरी सूर्य मावळत नाही, म्हणून ते बेट निवडलेलं. मनिलात पहाटेचे तीन वाजून गेले आहेत, तिथेही सूर्योदयाचीच वाट.

दीडशेच्या आसपास माणसं या एका वेधासाठी पृथ्वीभर पसरली आहेत.

4 जून, रविवार. पहाटे दोन. मोक्षाला पाच तास.

ल जाँतीला जाग येते. आग्नेयेकडून, किनाऱ्यालगतच्या वाळूच्या दांड्यावर लाटा फुटल्याचा घुमणारा आवाज येतो आहे. वर्षभरात त्याने हा आवाज ओळखायला शिकून घेतलं आहे. आवाज आग्नेयेचा म्हणजे वारा आग्नेयेचा, आणि आग्नेयेचा वारा हा किनारा झाडून आकाश स्वच्छ करणारा. हवामानखातं नाही, यंत्रं नाहीत. अंथरुणात पडल्या पडल्या कानांनी केलेला अंदाज, आणि अंदाज म्हणून तो अगदी रास्त. त्याला हायसं वाटतं.

तरी राहवत नाही म्हणून तो उठून बाहेर येतो. आकाश झाकलेलं आहे. सगळीकडे, आणि उत्तरेला, ईशान्येला तर फारच दाट. वर्षाच्या या दिवसांत सूर्य नेमका त्याच अंगाला उगवतो. हवा पडलेली, पानही हलत नाही. ढगांना ढकलायला वारा हवा, तो नाही.

चार-पाच तासांपूर्वी गुरूचा उपग्रह दिसत होता, त्याच आकाशाची ही गत.

तीन. मोक्षाला चार तास.

तो परत अंथरुणावर पडला आहे. डोळ्याला डोळा लागत नाही.

त्याची गोष्ट सांगणारे बहुतेक जण त्याला इतिहासातला कमनशिबी माणूस म्हणून पुढे करतात आणि ऐकणारे हसतात. मला ते अन्यायाचं वाटतं. वर्षभराच्या नोंदींवरून जूनच्या सकाळचा भरवसा धरणं हे त्याचं गणित बरोबर होतं. जागा, घड्याळ, भिंगं, रेखांश सगळं तयार होतं. जे हातात नसतं तेवढंच उरलं होतं. आणि हे कधी ना कधी, कुणाच्या तरी वाट्याला येणार हे हॅलीलाही माहीत होतं. म्हणून तर त्याने एका जागी नव्हे, शक्य तितक्या जागी माणसं पाठवा असं बजावलं होतं. कुठेतरी ढग येतीलच, म्हणून वेध पृथ्वीभर वाटून घ्यायचा. मोजमापाच्या दृष्टीने ही व्यवस्था चोख आहे. पण त्यातला जो एक वेध बुडतो, तो एका माणसाचा सगळाच्या सगळा असतो. या व्यवस्थेची किंमत अशी असमान पडते, आणि ती ज्याने भरली त्याचं नाव आपण आदराने घ्यायला हवं.

ही व्यवस्था आजही तीच आहे. सूर्यमालेच्या टोकाशी फिरणारा एखादा बर्फाळ गोळा दूरच्या ताऱ्यासमोरून जातो, तेव्हा पिधानाची ती सावली पृथ्वीवरून झरकन सरकते. तिच्या वाटेवर दुर्बिणींची रांग लावावी लागते. योगायोग असा की 2017 मध्येही तारीख 3 जूनच होती. न्यू होरायझन्स यान पुढे ज्याच्याजवळून गेलं त्या आरोकोथची सावली पकडायला अर्जेंटिना आणि दक्षिण आफ्रिकेत सुमारे दोन डझन दुर्बिणी मांडल्या होत्या. एकीतही तारा लुकलुकला नाही. सहा आठवड्यांनी, 17 जुलैला, पॅटागोनियाच्या किनाऱ्यावर पुन्हा मांडामांड झाली. वारा इतका होता की आडोशाला ट्रक उभे केले, तिथल्या प्रशासनाने गावाचे रस्त्यावरचे दिवे मालवले, महामार्ग अडवला. दोन डझनांतल्या फक्त पाच दुर्बिणींतून तारा क्षणभर दिसेनासा झाला, आणि तेवढ्यावरून हा गोळा दोन खंडांचा असावा हे कळलं. त्या लोकांना दुसरी संधी सहा आठवड्यांत मिळाली. ल जाँतीची दुसरी संधी म्हणजे हीच सकाळ.

पाच. मोक्षाला दोन तास.

वारा सुटतो. आधी मंद, आणि तेवढ्यानेही आशा पालवते. ढग हलू लागले तर फट पडेल. एक फट, सूर्याच्या बिंबाएवढी, पुरे.

मग वावटळ येते. वारा इतका वाढतो की समुद्र फेसाने पांढरा दिसू लागतो. किनाऱ्यावरची वाळू आणि धूळ गरगरत उठते, हवा काळवंडते. ढगांच्या पहिल्या थराखाली दुसरा थर येऊन बसतो. पडद्यावर पडदा.

साडेपाच ते सहा.

सूर्य उगवला आहे. हे फक्त घड्याळावरून कळतं. सहाच्या सुमारास वारा पडतो. ढग होते तिथेच राहतात. आता त्यांना हलवायला पुन्हा काही नाही.

दुर्बीण तिच्या जागी आहे, लंबक त्याच्या गतीने चालू आहे. माणूस उभा आहे.

साडेसहा ते सात. मोक्ष.

शुक्र सूर्याच्या कडेला आतून टेकला असेल. तो क्षण पाँडिचेरीत कुणाला दिसला नाही. कड आणि ठिपका यांच्यामध्ये काळा थेंब ताणला जातो, त्यामुळे नेमका क्षण ठरवताना ताहितीत कुक आणि ग्रीन यांच्याही वेळा काही सेकंदांनी जुळल्या नाहीत. ल जाँतीने तो थेंब पाहिला असता तर काय वेळ धरली असती, हे सांगता येत नाही.

सातला तीन-चार मिनिटं कमी असताना आकाशात एक पुसट पांढुरकेपणा येतो. सूर्य कुठे असावा एवढी शंका यावी, इतपतच. दुर्बिणीत काही नाही. हीच वेळ शुक्र बाहेर पडण्याची.

सातनंतर.

थोड्याच वेळात ढग विरतात. सूर्य झळझळीत बाहेर येतो आणि दिवसभर तसाच राहतो. बिंबावर काही नाही.

मनिलात त्या सकाळी आकाश मोकळं होतं, आणि ल जाँतीने शिकवून ठेवलेल्या धर्मगुरूने वेध व्यवस्थित घेतला.

पुढचे दिवस.

फ्रान्सला अहवाल पाठवायचा होता. दोन आठवडे उलटून गेले तरी ल जाँतीला तो लिहिता येईना. लेखणी हातात घ्यावी आणि ती गळून पडावी, असं झालं. मग आजारपण आलं आणि लांबलं. 1 मार्च 1770 रोजी त्याने पाँडिचेरी सोडली.

ज्यांना आकाश मोकळं मिळालं त्यांचं तरी भलं झालं असं नाही. सान होसेमध्ये शाप दोतरोशने वेध पूर्ण केला, साथीत सापडला आणि 1 ऑगस्ट 1769 रोजी मरण पावला. त्याच्या नोंदी मागे राहिलेल्यांनी पॅरिसला पोचवल्या. ताहितीतला ग्रीन जानेवारी 1771 मध्ये परतीच्या वाटेवर जहाजावरच गेला. ताहिती, कॅलिफोर्निया, हडसन, वार्दो अशा ठिकाणच्या वेळांवरून ज्योतिर्विद लालांदने 1771 मध्ये सूर्याचं अंतर काढलं. सुमारे 15 कोटी 30 लाख किलोमीटर. आजचा आकडा 14 कोटी 96 लाख आहे. सूर्यावरून चाललेल्या ग्रहाच्या सेकंदांवरून एवढं जवळ जाणं ही फार मोठी गोष्ट होती. पाँडिचेरीच्या वाट्याचा आकडा त्यात नाही.

ऑक्टोबर 1771.

पिरेनीज ओलांडून ल जाँती फ्रान्समध्ये येतो. त्याच्या हिशेबाने अकरा वर्षं, सहा महिने आणि तेरा दिवसांनी. वारसांनी तो मेल्याची बातमी पसरवून इस्टेट वाटून घ्यायला सुरुवात केली होती. ज्याच्यावर कारभार सोपवला होता त्याच्याकडून पैसा गेला. खटला ल जाँती हरला आणि खर्चही त्याच्यावरच पडला. अकादमीतली जागा दुसऱ्याला दिली होती, ती पुढे परत मिळाली. त्याने लग्न केलं, मुलगी झाली, आणि 1779 व 1781 मध्ये हिंदी महासागरातल्या प्रवासाचे दोन जाड खंड छापले. वारे, भरती, मादागास्कर, मनिला आणि तमिळ ज्योतिषाचं कवड्यांचं गणित असं सगळं त्यात आहे. 4 जूनच्या सकाळचं वर्णनही त्यानेच लिहून ठेवलं आहे, दोन वाजता ऐकलेल्या समुद्रापासून सात वाजताच्या पांढुरक्या उजेडापर्यंत. त्या पहाटेचे तास इथे मांडता आले ते त्याच्या त्या लिखाणामुळे.